दिवसाला एक झाकण

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण तीन वर्षांमागे, शहाऐंशीच्या श्रावणात, माझ्या पोटाच्या वजनाने आमची होडी खाडीत वीतभर खोल गेली होती. मी नुसता तिच्यावर चढून बसलो होतो, एवढंच.

"वीतभर?" आमच्या ओट्यावर बसलेला शेजारचा बाबू जाळं शिवता शिवता म्हणाला.

"कमीच सांगतंय मी. आठ दिस परसाकडे झाली नव्हती, सगळा साचलेला होता, रे."

नारळी पुनव चार दिवसांवर आली होती. दर्याला नारळ दिला की मोसमाची होडी खाडीतून दर्यात लोटायची, आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मी. तांडेलच घरी बसला तर बाकीच्या पाच जणांनी काय करायचं? मी ठरवलं, पुनवेला जायचं म्हणजे जायचं.

मालवणच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. उलटी होते का, वारा सरतो का, पोट फुगून दुखतं का, रक्त पडतं का, सगळं विचारलं. "यातलं काही असतं तर औषध न देता इस्पितळात धाडलं असतं," म्हणाले. मग पाकासारख्या गोड औषधाची बाटली दिली. "दिवसाला एक झाकण. दोन-तीन दिवस लागतील. जास्त घेतलंत तर जुलाब लागून अंगातलं पाणी जाईल. आणि पाणी भरपूर प्या."

पाणी! होडीवर सहा माणसांत एक कळशी. घोट मोजून पिण्याची सवय हाडात मुरलेली. घरीही मी तेवढंच प्यायलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही पोट दगडच.

आमचा खलाशी बाबली आला. "तांडेलानू, सगळी बाटली लावा तोंडाक! पुनव काय तुमच्यासाठी थांबतली?"

मी बाटली उचलली. माझी बायको चंद्रावती खाडीतल्या माशांना मीठ लावत होती, तिने ताटच माझ्यापुढे आदळलं. ताटात पाणी सुटलं होतं.

"मीठ लावलंय, तर माशातला पाणी कसा भायर इला, बघा. ता औषदय तसाच पाणी ओढता, आतड्यात. तुमच्या आंगात पाणीच नाय, मगे ओढतला काय? वाळू?"

आणि बाटली घेऊन हातात तांब्या दिला.

आता माझा निर्धार ऐका. बाटली समोर फळीवर. बाबली उठल्याबसल्या चिथावतोय. मी बाटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. सकाळी एक झाकण, मग दिवसभर तांब्यामागून तांब्या. पुनवेच्या पहाटे पोटात भरती आली. मी परसाकडे धावलो, आणि पार सिंधुदुर्ग किल्ल्यावरचे कावळे एकदम उडाले! दुपारी दर्याला नारळ दिला. होडी लोटली, तर ती वीतभर वर तरंगली.

"समजलं, बाबू? एक झाकण, पाणी आणि मनाचा हट्ट. बाटली डोळ्यांसमोर होती, पण बोट लावलं नाही मी तिला!"

स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊन चंद्रावती बाहेर आली.

"फळयेर खंय होती बाटली? मिठाच्या मडक्यात पुरून ठेवलेली मी! तीनदा हात घातलात तुमी मडक्यात. दाखवा, दाखवा ती बोटां बाबूक. माझ्या पळयेचो वळ अजून आसा!"