गच्चीवरची सॅली

जुन्या पनवेलातल्या इझिकेल दिवेकरांच्या गच्चीवर एक लोखंडी मनोरा होता, त्यावर अँटेना. तो फिरवायचं काम त्यांच्या बायकोचं, सॅलीचं. इझिकेल बंदरावर वायरलेस ऑपरेटर होते आणि निवृत्तीनंतर हॅम रेडिओ हाच त्यांचा विरंगुळा. खालच्या खोलीत हेडफोन लावून ते देशोदेशींच्या, कधी न भेटलेल्या माणसांशी गप्पा मारत. माणूस ज्या दिशेला, तिकडे अँटेनाचं तोंड हवं. मग जिन्यातून हाक यायची, "सॅली, जपान!" सॅली अँटेनाचा मधला पाइप दोन्ही हातांनी धरून प्रबळगडाकडे वळवायची. मॉरिशस म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्याच्या जरा उजवीकडे. वारा असला तर गप्पा संपेपर्यंत पाइप धरूनच उभं राहावं लागे. खाली कोण काय बोललं, ते तिला कधी ऐकायलाच मिळालं नाही.

एका सकाळी केस विंचरायला तिचा उजवा हात वर जाईना. खांदा धरला होता. इझिकेलनी फणी घेतली आणि जन्मात पहिल्यांदा तिची वेणी घातली. कोथिंबिरीची जुडी बांधावी तशी ती झाली.

"आता रोटेटर घ्यायचा," ते म्हणाले. "मोटर पाइप फिरवेल. तू गच्चीवर जायचं नाहीस."

खारघरच्या परेशकडे, त्यांच्या हॅम मित्राकडे, एक हलका रोटेटर पडून होता. तो उद्याच बसवता आला असता. दुसरा जड, ब्रेकवाला. तो मागवायचा तर दोन-तीन महिने थांबावं लागणार होतं. इझिकेलचं मन हलक्यावर होतं.

"त्याला ब्रेक नाही म्हणता?" सॅलीने विचारलं.

"नाही. पण तुझा खांदा..."

"खांद्याचं मी बघते. अहो, खाडीवरून वारा सुटला की तो पाइप हातातून हिसका देतो. हलकी मोटर काय धरून ठेवणार त्याला? दातच मोडतील तिचे."

इझिकेलनी तिचे तळवे हातात घेऊन पाहिले. "वाऱ्याला इतकी ओढ असते? मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी वर आलात?"

ती हे सहज बोलली होती, पण त्यांना ते लागलं. संध्याकाळी ते स्वतः गच्चीवर गेले आणि पाइप धरून वाऱ्यात उभे राहिले. खाली आले ते तळवे चोळतच. त्यांनी ब्रेकवाला मागवला.

तो येईपर्यंत अँटेना दोरीने बांधून ठेवला. रेडिओ मुका झाला. इझिकेल सॅलीचा खांदा शेकत, भाजी चिरून देत आणि न सांगता वेणीही घालत. वेणी हळूहळू वेणीसारखी दिसू लागली.

रोटेटर आला तेव्हा शेजारच्या शिवाने मनोऱ्यावर चढून तो पाइपाखाली पक्का बसवला. उतरल्यावर म्हणाला, "वयनी, आता तुमी बसा निवांत. ह्यो नाय हालायचा."

शनिवारी शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा वार, सरल्यावर इझिकेलनी रेडिओजवळ दुसरी खुर्ची ओढली. रोटेटर चालवायची डबी सॅलीपुढे ठेवली. "मॉरिशस," ते हळूच म्हणाले.

तिने बटण दाबलं. डबीवरचा काटा सरकला, वर घरघर झाली. तिचा हात सवयीने पाइप शोधत हवेत उचलला गेला. तिने तो मांडीवर घेतला.

इझिकेलनी हेडफोनची पिन काढली. खरखरीतून एका म्हाताऱ्याचा आवाज खोलीत आला. त्याने इंग्रजीत आधी तब्येत विचारली, मग म्हणाला, "इतके दिवस कुठे होतात? आणि सॅली कशी आहे? गच्चीवरच का अजून? तिला सांगा, आज आवाज फार स्वच्छ येतोय. आभारी आहे."

सॅली चपापली. "ह्यांना माझं नाव कसं ठाऊक?"

इझिकेल कानापर्यंत लाल झाले. "सगळ्यांनाच ठाऊक आहे. तू पाइप वळवेपर्यंत मी त्यांना सांगतो, थांबा, माझी सॅली वर गेलीय. जपानवाला तर आधी तुझीच चौकशी करतो."

तिने पदराने डोळे टिपले. म्हातारा उत्तराची वाट बघत होता. तिला रेडिओवर बोलायचा परवाना नव्हता, म्हणून तिने इझिकेलच्या बाहीला हात लावला.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "सॅली इथे बसून ऐकतेय. आणि विचारा, त्यांच्या घरी कोण कोण असतं?"