पन्नास टक्के आलंच पाहिजे

मी एक ट्रेनर किट बोलतोय. ट्रेनर म्हणजे शिकवणारा. दचकू नका, मी फारसं कुणाला काही शिकवलेलं नाही. या प्रयोगशाळेत शिकवण्याचं काम कुणीच अंगाला लावून घेत नाही, मग मीच एकट्याने का घ्यावं?

दिसायला मी शिलाई मशीनच्या पेटीएवढा. पांढऱ्या तोंडावर काळ्या रेघांनी सर्किट छापलेलं, त्यात वायरी खोचायला भोकं, आणि खाली दोन काळे नॉब. शेजारी माझा जोडीदार स्कोप, म्हणजे माझ्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर हिरव्या रेघेने दाखवणारा. तो खोटं बोलत नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही.

माझं काम मीच सांगतो, कारण आमच्या विभागप्रमुखांना विचारलंत तर ते तुम्हाला पुस्तकातलं पान सांगतील. माणसाचा आवाज हा अशक्त गडी, लांब जायची त्याच्यात ताकद नाही. मग त्याला एका दणकट, वेगवान लाटेच्या पाठीवर बसवून पाठवायचं. दणकट तो वाहक, पाठीवरचा तो संदेश, आणि बसवण्याच्या कामाला म्हणायचं मॉड्युलेशन. संदेश बेताचा असला की वाहकाची उंची त्याच्या चालीने कमी-जास्त होते आणि सगळं सुरळीत पोचतं. संदेश अति झाला की लाट मधूनच तुटते, पलीकडे नुसती खरखर ऐकू येते. आणि संदेश अजिबातच नसला तरी वाहक चालूच राहतो. भरपूर ताकद खातो, पलीकडे काहीही पोचत नाही. याला आमच्याकडे व्याख्यान म्हणतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. एका बाईने गुणगुणत माझ्या तारांना सोल्डरिंगचे टाके घातले. तपासनीसाने मला स्कोपला जोडलं, पडद्यावरची लाट निरखून बघितली आणि म्हणाला, "शाब्बास रे पठ्ठ्या!" माझ्याकडे बघून कुणी मनापासून शाब्बास म्हणाल्याची ती पहिली वेळ. मला वाटलं, आता असंच होत राहणार. नवा होतो, अक्कल नव्हती.

कॉलेजात माझं उद्घाटन झालं. संचालकांनी फीत कापली आणि फोटोसाठी माझा नॉब फिरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा प्लग तेव्हा जमिनीवर लोळत होता. फोटो छान आला म्हणतात.

त्यानंतर मला प्लास्टिकचं आवरण चढलं. "महागाची वस्तू आहे, पोरांच्या हाती द्यायची नाही," असा विभागप्रमुखांचा हुकूम. पोरांना शिकवायला आणलेली वस्तू पोरांपासून जपून ठेवायची, हे मोठ्या माणसांनाच सुचू शकतं.

मग प्रयोग व्हायचे कसे? अगदी झकास व्हायचे. सर यायचे, हजेरी घ्यायचे आणि म्हणायचे, "चला, फाइली काढा." आदल्या वर्षीच्या पोरांच्या फाइलींतून यंदाच्या फाइलींत आकडे उतरायचे. त्यांनी ते त्यांच्या आधीच्यांकडून घेतलेले. लाटेचा आकार काढायला पाण्याच्या बाटलीचं झाकण. ते अर्धं गिरवलं की एक फुगवटा, सरकवून परत गिरवलं की दुसरा. दर वर्षी एखादा हुशार पोरगा तर आतल्या बारीक रेघा कंगव्याने पाडायचा. माझ्या अंगात वीज सोडायची गरजच पडायची नाही.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. संदेशाचा नॉब अर्ध्यावर ठेवा, उत्तर पन्नास टक्के. म्हणजे लाटेची उंची बरोबर निम्म्यानेच कमी-जास्त झाली पाहिजे. मी नवा असताना ते खरंही होतं.

पुढे एकदा तपासणी समिती येणार म्हणून धावपळ उडाली. प्रयोगशाळेचे काका मला खसाखसा पुसत होते, तेवढ्यात संदेशाचा नॉब त्यांच्या हातात आला. काकांनी दाराकडे बघितलं, आणि बसेल तसा तो दाबून बसवला. झालं. नॉबवरची पांढरी खूण आता भलतीच थाप मारायला लागली. खूण अर्ध्यावर, आणि आत संदेश शिगोशीग. लाट कमरेतून तुटायला लागली.

समितीने मला बघितलं. आवरणावरूनच. "वा, काय स्वच्छता आहे," म्हणाले आणि चहाला गेले.

बरीच वर्षं मी असा तुटका राहिलो, आणि त्या सगळ्या वर्षांत सगळ्या फाइलींत माझं उत्तर पन्नास टक्केच आलं. इतकं ठणठणीत आजारपण कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

मग ती आली.

वर्गात तिला शंकासूर म्हणायचे. नाव सरांनीच ठेवलेलं, कारण ती विचारायची. आई आजारी पडली तेव्हा तिचं एक वर्ष बुडालं होतं. बस चालवणाऱ्या बापाने बजावलं होतं, आता पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद, मावशीच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करायला बसायचं. मावशीशी बोलणंही झालेलं होतं. आणि हिला लहानपणापासून रेडिओ उघडून बसायचा नाद. हे सगळं ती मैत्रिणीला सांगायची, माझ्यावर कोपर टेकून. म्हणून मला ठाऊक.

एकदा सर फोनवर बोलत व्हरांड्यात गेले आणि तिने माझं आवरण काढलं. प्लग लावला, वायरी खोचल्या, स्कोप जोडला. किती दिवसांनी अंगात ऊब आली! नॉब अर्ध्यावर नेला तशी पडद्यावर लाट उठली, बारीक होत होत मध्येच संपली, सपाट रेघ झाली, आणि पुन्हा फुगली.

"सर, ही लाट तुटतेय," ती म्हणाली. सर तेवढ्यात आत आले होते.

"तुटत नसते ती. फाइलीत बघ."

"फाइलीत नाही सर, पडद्यावर तुटतेय."

"पडदा जुना आहे."

"पडदा जुना झाला म्हणून लाट कशी तुटेल?"

"झालं, लागला शंकासूर! अगं, इतकी वर्षं इतकी पोरं पास झाली, ती काय आंधळी होती?"

वर्ग खो-खो हसला. मला म्हणावंसं वाटलं, हो सर, अगदी बरोबर ओळखलंत.

पण ती हटली नाही. नॉब मागेपुढे करून तिने माझा आजार पकडला आणि काकांना गाठलं.

"काका, हा नॉब चुकीचा बसलाय. काढून नीट बसवू?"

"असू दे की गं. पडत तर नाही ना?"

"पण उत्तर चुकतंय."

"उत्तर भिंतीवर लिहिलंय ना? मग कशाला जीव काढतेस? सरांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, माझ्या नावावर आहे ते."

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. तिच्या चिठ्ठीत मीच निघालो. तिचा चेहरा उजळला आणि मी ओळखलं. आता ही खरं लिहिणार!

लिहिलंनच. खूण अर्ध्यावर, पण मॉड्युलेशन शंभर टक्क्यांच्या वर, संदेश फाटतो. लाट दिसली तशी काढली, तुटलेली. बाटलीच्या झाकणाशिवाय. खाली कारणही लिहिलं, नॉब चुकीचा बसवलेला आहे.

बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे पाठ करून बसले होते. समोर बिस्किटांची बशी, बाजूला विभागप्रमुख. परीक्षकांनी कागद बघितला आणि चष्मा वर केला.

"हे काय? पन्नास टक्के आलंच पाहिजे."

"सर, जे आलं ते लिहिलंय. पडद्याकडे बघा ना."

"मला पडदा दाखवू नकोस. मी हा प्रयोग तुझ्या जन्माआधीपासून घेतोय."

"मग एकदा बघा तरी सर. नुसती खुर्ची वळवायचीय."

विभागप्रमुख हसले. "सर, हिची सवयच आहे. अगं, खोड ते आणि पन्नास लिही. पास करतील सर तुला. मन मोठं आहे त्यांचं."

खोडरबर त्यांनी स्वतः पुढे सरकवलं. तिने त्याच्याकडे बघितलं. काजं आणि बटणं तिच्या डोळ्यांपुढे आली असणार, कारण तिचा हात जरासा पुढे गेला. मग तिने तो मागे घेतला.

"थांबा, दाखवतेच," असं म्हणून ती तरातरा माझ्याकडे आली, नॉब खसकन ओढून काढला, नीट बसवला, आणि खूण अर्ध्यावर आणली. किती वर्षांनी माझ्या पोटात सगळं जागच्या जागी बसलं! पडद्यावर लाट उमटली, सलग, डौलदार, बरोबर निम्म्यानेच कमी-जास्त होणारी.

"शाब्बास!" ती माझ्या कानाशी पुटपुटली. ही दुसरी वेळ.

आणि नेमकी त्याच क्षणी परीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची वळवली.

"हे बघा," ते म्हणाले, "येतंय की पन्नास! मग उगाच तमाशा कशाला?"

"सर, ते मी आत्ता नीट केलं म्हणून!"

"म्हणजे?" विभागप्रमुख ताडकन उठले. "किटला हात लावलास तू? परीक्षा चालू असताना?"

मी ओरडत होतो. पण माझ्या आवाजात लांब जायची ताकद नाही.

ती नापास. तिच्या पाठोपाठ तिच्या वर्गातला कंगवेवाला पोरगा माझ्यासमोर बसला, पडद्याकडे ढुंकूनही न बघता पन्नास लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन गेला. या वेळी त्याचं उत्तर खरं होतं. बिचाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला प्रयोगशाळेतच बोलावून घेतलं. खाकी गणवेशातला माणूस दारातच वाकला. पोरीने माफी मागितली तर फेरपरीक्षेला बसू देऊ, नाहीतर घरी न्या, असं विभागप्रमुखांनी सांगितलं.

"माग माफी," बाप म्हणाला. "मोठी माणसं आहेत ती."

"बाबा, तुमच्या गाडीचा वेगाचा काटा बिघडला तर काय करता?"

"काट्याकडे कोण बघतंय? रस्त्याकडे बघतो मी."

"मग मी तरी काय म्हणत होते? पडद्याकडे बघा, एवढंच ना?"

बापाने तिच्याकडे नीट बघितलं. त्याला कळलं होतं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की कळलंय. तरी तो म्हणाला, "माफी माग."

मोठ्यांचा मला राग येतो तो ते चुकतात म्हणून नाही. कळल्यावरही ते हेच म्हणतात, म्हणून येतो.

तिने माफी मागितली नाही. खांद्याला पिशवी अडकवून निघून गेली.

आता माझ्यावर दुहेरी आवरण आहे, आणि वर चिठ्ठी, 'हात लावू नये'. गंमत म्हणजे मी आता पूर्ण बरा आहे. या खोलीत भिंतीवरच्या कागदाशी जुळणारी मी एकमेव वस्तू, आणि ते तपासायला इथे कुणी नाही.

मध्यंतरी ती आपले दाखले न्यायला आली होती. प्रयोगशाळेच्या दारात घुटमळली.

"काय करतेस गं हल्ली?" काकांनी विचारलं. "मावशीकडेच ना?"

"दिवसभर काजं-बटणं. संध्याकाळी त्याच दुकानाच्या कोपऱ्यात रेडिओ दुरुस्त करते."

"जमतं?"

"तिथं बरं असतं, काका. गिऱ्हाईक कागद बघत नाही. रेडिओ कानाला लावून बघतं."

काकांनी मान खाली घातली. तिने आवरणावरूनच माझा नॉब चाचपला, खूण अर्ध्यावर आहे ना बघितलं, आणि गेली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा समिती यायची आहे. काका मला पुसताहेत, या वेळी जरा हळू हाताने. तुमच्यापैकी कुणी त्या समितीत असाल, तर माझी स्तुती करू नका, माझ्या स्वच्छतेचं कौतुकही नको. हे आवरण काढा, प्लग लावा, आणि खुर्ची माझ्याकडे वळवा. एका पोरीपुरता उशीर तर तुम्ही केलेलाच आहे.