कळलावीचा लेप

सुगंधाचं बाळंतपण पार पडलं की तान्हूबाई सुईणीला एक लुगडं, सूपभर तांदूळ आणि सुगंधाच्या सासूच्या आयुष्यातली शेवटची चार वर्षं मिळायची होती. लुगडं आणि तांदूळ काढून ठेवलेले होते. वर्षं मागाहून, कारण सासू बायजाक्का हातची वस्तू सुखासुखी सोडणारी नव्हे.

सुगंधा कालपासून अडली होती. तिचा नवरा केरबा बाहेर पायरीवर विडी ओढत बसला होता. तान्हूबाईनं कुंपणावरची कळलावी उपटली, मुळी उगाळली आणि लेप तिच्या तळपायांना लावला. फुलं आगीच्या जिभांसारखी. शेळीनं तोंड लावलं तर शेळी आडवी. पण अडलेली बाई हीच मुळी सोडवते. मूल बाहेर आलं की तेवढे पाय धुवायचे, नाहीतर ती ओढतच राहते. लेपाचा थेंब आपल्या तळपायाला शिवू नये म्हणून तान्हूबाई स्वतः पाटावर उभी होती.

मुलगी झाली. तान्हूबाईनं तांब्या उचलला, तर बायजाक्कानं तो हिसकावून खिडकीबाहेर ओतला.

"पाय कशाला धुतेस? मुलगा राहिलाय मागं."

"आक्का, आत काही नाही आता."

"तू काय आत जाऊन बघून आलीस?"

मुळी ओढत राहिली. वार पडली. मग सुगंधाचा शाळेतला फ्रॉक आला, ओला, घडी घातलेला. मग तिच्या आईची हाक आली. मग माहेरची विहीर आली, रहाटासकट, आणि खोलीत हलायला जागा उरली नाही. सुगंधा उशीच्या रिकाम्या अभ्र्यासारखी चपटी होत चालली.

"मावशी," ती म्हणाली, "आता माझं नाव यायला लागलंय."

तान्हूबाईनं पाटावरूनच त्या विहिरीचं पाणी शेंदलं आणि तिचे पाय धुतले. ओढ थांबली. लेपाचं पाणी पसरत बायजाक्काच्या अनवाणी पायांखाली गेलं.

"अगं बाई," बायजाक्का म्हणाली, "मला कळ आली."

तिला मुलगा झाला. त्याच्या हनुवटीवर कुत्रं चावल्याचा जुना व्रण होता, तिच्या केरबाच्या हनुवटीवर होता तोच. बाहेर पायरीवर केरबाची विडी एकटीच जळत होती. मागोमाग चार वर्षं पडली, ओल्या हळकुंडांसारखी, आणि पाण्यात गडगडत गेली. बायजाक्का खाली बसली, ती उठली नाही.

मुलग्यापायी बायजाक्कानं आयुष्य मोजलं, सुगंधानं नवरा मोजला. तान्हूबाईचं अजून काहीच गेलं नव्हतं. तिला कधी दिवस राहिले नव्हते. आपल्या आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पण चार वर्षं म्हणजे चार वर्षं, आणि ती वर्षं लेपाच्या पाण्यात कडेनं विरघळू लागली होती.

तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि एक पाय पाटावरून खाली सोडला.