पुढच्या चाकाची मानकरी

मी टायरची साखळी बोलतेय. बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाला घालतात ना, तीच. त्या सकाळी मला पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. माझ्या मिठीतलं चाक काही करतच नव्हतं. इंजिन घसा फोडून ओरडत होतं आणि मी मागच्या चाकावर नुसती दागिना होऊन बसले होते.

तशी मी ऐऱ्यागैऱ्या घरची नव्हे. पोलादाच्या कड्या, पक्के आकडे आणि सोबत जुळी बहीण. बाबांनी आम्हाला विकत घेतलं तेव्हा त्यांची गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालायची. दर हिवाळ्यात आम्ही दोघी त्या चाकांना घट्ट बिलगून घाट चढायचो. काय तो थाट! पुढे गाडी भंगारात गेली. माप जुळलं, एवढ्याच पुण्याईवर आम्हाला लेकीच्या छोट्या गाडीच्या डिकीत जागा मिळाली. तिथे गंजाच्या धास्तीनेच मी निम्मी झाले. मुळातच मी घाबरट. खड्डा आला की सगळ्यांच्या आधी मी खणखणते.

लेक माझ्यावर ताण. दाराची बेल वाजली तरी तिच्या हातातला कप हिंदकळतो. मामा तिला दचकूबाईच म्हणतो. पण डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात दोन दिवस जायचं, हे खूळ तिचंच. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाबा खिडकीशी बसून असायचे. त्यांना तिथलं गोठलेलं सरोवर पुन्हा दाखवायचं आणि गाडी आपणच चालवायची, असं तिने मनाशी घेतलं होतं.

बाबांची अट एकच. "घरामागचा चढ चढवून दाखव. नाही जमलं तर सहल रद्द. मग रुसायचं नाही."

म्हणून मामाने आम्हाला मागच्या चाकांवर चढवलं होतं, आणि म्हणूनच गाडी अर्ध्या चढावर रुतली होती.

"झालं!" मामा हात झटकत म्हणाला. "भावोजी, सामान उघडा. दचकूबाईंचं सरोवर आता फोटोतच बघा."

बाबा काठी टेकून उभे होते. त्यांनी नुसती मान वळवली. ते बघून लेक खाली उतरली आणि बर्फातच गुडघ्यांवर बसली. पुढच्या चाकाखाली बर्फ खरवडून गेला होता. मागच्या चाकाखालचा जसाच्या तसा.

"मामा, जागच्या जागी फिरलं ते पुढचं चाक."

"अगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मागेच लावतोय आम्ही!"

"ती गाडी मागून ढकलायची. ही पुढून ओढते." तिचा आवाज कापत होता, पण माघार घेत नव्हता. "तू जरा बाजूला हो बघू."

देवा, मला ओरडून सांगावंसं वाटलं, हेच तर मी कधीची खणखणतेय! गाडी सपाटीवर मागे घेऊन तिने आम्हाला सोडवलं. लाल झालेल्या बोटांनी पुढच्या चाकांवर पसरलं, आतला आकडा अडकवला, मग बाहेरचा. माझ्या एका कडीने तिला ओरखडलं, तरी तिने हात काढला नाही.

गाडी हलली आणि माझ्या मिठीतलं चाक जिवंत झालं. कितीतरी वर्षांनी मी बर्फात दात रोवले. कचकच, कचकच! शेजारची बहीण खिदळत होती. चढ आम्ही खाऊनच टाकला.

खालून बाबा काठी उंचावून ओरडले, "शाब्बास! निघायचं!" मामा पुटपुटला, "यंत्रं बदलली हल्ली."

तुमच्याही डिकीत माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला चाक नेमून देण्याआधी गाडीला विचारा, काकामामांना नको.

आता प्रश्न उरला तो घाटरस्ता उघडा आहे का, एवढाच. उद्यानाच्या चौकीवर लेक दोन दिवस फोन लावत होती; कुणी घेतच नव्हतं. चढाच्या माथ्यावरून तिने पुन्हा लावला. वाजला. वाजतच राहिला. मी श्वास रोखून धरला.

"हॅलो, चौकी बोलतेय. रस्ता उघडलाय! पण साखळ्या असतील तरच या."