पोटाचं काही नाही जी

डॉक्टरांनी विचारलं, "पोटाचा काही जुना त्रास?"

डॉक्टरांना इथेच उभं राहू द्या, हातात टॉर्च धरून. या प्रश्नानंतर जेमतेम एक श्वास गेला, पण त्या श्वासात कांताबाईच्या मनात जे जे येऊन गेलं ते सांगायला वेळ लागतो.

खोली रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातली, पहिल्या मजल्यावरची. खिडकीला काळा पडदा. साल चौऱ्याहत्तर. स्टुलावर पुष्पलता बसलेली, कांताबाईची एकुलती एक पोर, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. तिचा उजवा डोळा लालभडक, त्यातून पाणी गळतंय. तिच्या एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला सासू.

प्रश्न पुष्पलताला होता.



पुष्पलता सोळा वर्षांची असताना तिला संडासवाटे रक्त पडू लागलं. मोठ्या दवाखान्यात पंधरवडाभर ठेवलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. हे दुखणं जायचं नाही. कधी निवेल, कधी उठेल. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. गोळ्या पिवळ्या होत्या, गिळताना घशात अडकतील एवढ्या मोठ्या.

हे इंदोऱ्याच्या वस्तीत कोणाला कळू द्यायचं नाही असं कांताबाईने ठरवलं. पण वस्तीत संडास सरकारी, रांगेचे, आणि रांगेत उभं राहणाऱ्या बायांना डोळे असतात. पोरगी डबा घेऊन सकाळपासून चार वेळा दिसली की पाचव्या वेळी चर्चा. म्हणून कांताबाई प्रत्येक वेळी तिच्यासोबत जायची, आपलाही डबा घेऊन. कोणी हटकलंच तर म्हणायची, "मलेच लागली हाय वं. पोरगी सोबतीले आली." अर्ध्याअधिक खेपा तिने आपल्या नावावर घेतल्या. होता होता सगळ्या वस्तीची खात्री पटली की कांताबाईचं पोट नाजूक आहे.

"काहून वं कांता, पुन्हा? काल काय गाव खाल्लं?"

"गाव नाई वं, तुह्या हातची भाजी."

बाया हसायच्या. कांताबाईही हसायची. पुष्पलता भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, पोट दाबून.

मग स्थळं यायला लागली. काटोलकडचं एक चांगलं होतं, संत्र्याचा बगिचा होता, मुलगा शिकलेला. कांताबाईने विचारलं, बायांची जायची सोय कुठे? गावाबाहेरच्या गोदरीवर, पहाटे सगळ्या मिळून जातात, असं उत्तर आलं. कांताबाईने मोडता घातला. धोंडबा, तिचा नवरा, मिलमधून थकून आलेला, कपाळाला हात लावून म्हणाला, "पोरगी शेतीत द्याची नाई, मंग काय गव्हर्नरच्या बंगल्यात देतं?"

बंगला नाही, पण खापरखेड्याच्या कॉलनीतलं क्वार्टर मिळालं. मुलगा रवींद्र, वीजघरात बॉयलरवर. घरी तो आणि त्याची आई, बायजाबाई. पाहुणे घर पाहायला गेले तेव्हा धोंडबाने मुलाचा पगार विचारला, पुष्पलताच्या मामाने स्वभाव विचारला. कांताबाई हात धुऊन येते म्हणून उठली आणि संडासात गेली. आतून कडी लावून पाहिली. नळ सोडून पाहिला.

नळाला पाणी होतं. लग्न ठरलं.

लग्नाच्या मांडवात त्रिशरण-पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील कांताबाईने सगळ्यांसोबत म्हटलं, मोठ्याने म्हटलं. आपण खोटं कुठे बोललो? आपल्याला कोणी विचारलंच नाही. निघताना पोरीच्या पेटीत पिवळ्या गोळ्या ठेवल्या आणि कानात सांगितलं, "विचारलं तं सांगजो रक्तवाढीच्या हायत. दुसरं काही बोलशील तं माह्या गळ्याची आण."



खापरखेड्यात लाल डोळ्याचं कोणाला कौतुक नाही. वारा फिरला की वीजघराची राख उडते, डोळ्यात जाते, लोक डोळे चोळत फिरतात. पुष्पलताचा डोळा लाल झाला तेव्हा बायजाबाईने तिला ओट्यावर बसवलं, पापणी उलटी केली, पदराचा बोळा तोंडाने ऊन करून डोळ्यावर धरला.

"राख हाय. आमच्या कॉलनीत राख गेली नाई असा डोळा दाखव मले. दोन दिवसांत निघते."

निघाली नाही. पुष्पलताला उजेड सहन होईना. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसू लागली. कांताबाई भेटायला गेली तेव्हा म्हणाली, "माय, हे राखेचं नाई. चिपडं बी येत नाई. डोळ्याच्या आतून दुखते, मांगून." आणि मग आवाज आणखी खाली आणून, "पोट बी उठलं हाय. रक्त जाऊन राहिलं."

"गोळ्या घेतं ना?"

"घेतो."

"मंग निवंल."

पोट वेगळं, डोळा वेगळा. पोट खाली, डोळा वर. दोन्ही एकाच वेळी उठले यात कांताबाईला नशीब दिसलं, आणखी काही दिसायचं कारणच नव्हतं.

डोळ्यासमोर धुकं आलं तेव्हा रवींद्रने रामदासपेठेतला डॉक्टर शोधला. ड्यूटी असल्यामुळे तो स्वतः आला नाही. दोन बाया पुष्पलताला एसटीत मधे बसवून, तिच्या डोक्यावर पदर ओढून, घेऊन आल्या.



तर डॉक्टरांनी विचारलं, "पोटाचा काही जुना त्रास?"

पुष्पलताने तोंड उघडलं. कांताबाईचा हात तिच्या कमरेशी होता. त्या हाताने चिमटा काढला, लुगड्याच्या निऱ्यांमागून, कोणाला दिसणार नाही असा.

"पोटाचं काही नाही जी," कांताबाई म्हणाली. "गोटे देल्ले तं गोटे पचवंल."

बायजाबाईने कांताबाईकडे एकदा पाहिलं. मग ती काळ्या पडद्याकडे पाहू लागली.

"संडासवाटे रक्त वगैरे? नीट आठवून सांगा. डोळ्याच्या आतली ही सूज कधी कधी आतड्याच्या रोगातून येते."

"नाई जी. तसलं आमच्या घराण्यात कोणालेच नाई."

"सांधे दुखतात?"

"दुखतात," पुष्पलता पहिल्यांदाच बोलली.

"कामानं," कांताबाई म्हणाली.

डॉक्टरांनी टॉर्च ठेवला.



दुसरी उत्तरंही त्या श्वासात मावली असती.

हो जी.

किंवा: हो जी, पण तुमच्याशी जरा बाहेर बोलतो.

किंवा नुसतं बायजाबाईकडे वळून: इहीनबाई, पोरीले पानी आणता काय जरासं?

हे तिसरं कांताबाईला पुढे सारखं सुचायचं. भाकरी थापताना, नळावर, धोंडबाशी बोलता बोलता मधेच. पानी आणता काय. तिच्या ओठांवर ते यायचं आणि धोंडबा उठून पाणी आणून द्यायचा.



आतड्याचा रोग नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी टीबी धरला. अशा डोळ्यामागे आपल्याकडे बहुतेक तोच निघतो, म्हणाले. डोळ्यात थेंब, आणि रोज एक सुई, महिनोन्महिने.

टीबीचं नाव निघालं तशी कांताबाईला वाटलं, झालं, आता पोरगी परत येणार. पण बायजाबाई एसटीत खिडकीशी बसून तपकीर ओढत म्हणाली, "टीबी तं टीबी. औषध हाय त्याले. माह्या दिराले होता, घोड्यासारखा झाला." दुसऱ्या दिवसापासून ती सुनेला रोज अंडं द्यायला लागली. सुईसाठी कंपाउंडरकडे हाताला धरून नेऊ लागली. शेजारणींना तोंडावर सांगू लागली, "आमच्या सुनेले टीबी हाय, लांब बसा नाई तं जवळ बसा, तुमची मर्जी."

ज्या घराने टीबी असा गिळला त्या घरात आतडं सांगायला काय हरकत होती? कांताबाईच्या मनात हे आलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण एकदा नाही म्हटल्यावर आणि त्या नाहीवर पोरीला सुया सुरू झाल्यावर आता कोणत्या तोंडाने...



"सांगू दे मले, माय."

"आता? डॉक्टर म्हणंल, तवा खोटं काहून बोलले."

"तू बोलली. मी नाई बोलली."

"तुह्याचसाठी ना वं."

"मी म्हटलं होतं काय, माह्यासाठी बोल म्हणून?"

"हळू. तुही सासू येईन."

"राशनच्या दुकानात गेली थे. येऊ दे, आली तं."

"घर मोडंल, पुष्पे."

"माय, मी डावा डोळा झाकला. आता तू इकडं पाय."

"पाहून राहिली."

"तू दिसतं. तुहं तोंड नाई दिसत."



उजवा डोळा गेला. बाहुलीची कड आतल्या भिंगाला चिकटली, डोळ्यातलं पाणी आतच तुंबलं, दाब वाढला. त्या आठवड्यात पुष्पलता डोकं भिंतीवर आपटत होती एवढंच कांताबाईला कळलं, आणि मग दुखणं थांबलं आणि त्यासोबत दिसणंही. टीबीच्या सुयांनी टीबी बरा होतो. तो नव्हताच.

मग एका सकाळी डावा लाल झाला.

या वेळी कोणी राख म्हटलं नाही. रवींद्रने साहेबाच्या हातापाया पडून वीजघराची जीप मागितली. रामदासपेठेत पोचल्यावर तो पुष्पलताला घेऊन बाहेरच्या बाकावर बसला, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन, कारण डॉक्टरांनी आधी घरच्यांना आत बोलावलं होतं. आत दोघी बाया गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "सुया चालू असताना दुसरा डोळा आला. म्हणजे माझं कुठेतरी चुकतंय. तुमच्याकडून काही—"

"पोट, जी," कांताबाई म्हणाली.

"काय?"

"पोट. आतडं. सोळाव्या वर्षापासून. रक्त पडते. पिवळ्या गोळ्या हायत." ती बायजाबाईकडे न पाहता बोलत होती, टेबलाच्या काचेकडे पाहून. "माह्याच पोरीचं पोट. मी नाई म्हटलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि न घालता तसाच हातात ठेवला.

कांताबाई बायजाबाईकडे वळली. आता जे काय व्हायचं ते होऊ दे, घर मोडायचं तर मोडू दे, पण डोळा. "इहीनबाई, तुमच्यापासून लपवलं. मी पापीन हाओ. पन पोरीले—"

"मले माहीत होतं," बायजाबाई म्हणाली.

कांताबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"लग्नाच्या पयल्या महिन्यातच. क्वार्टर केवढं हाय, तुम्ही नाई पाह्यलं काय? भिंतीच्या इकडं चूल, तिकडं संडास. मी काय बहिरी हाओ? धुणं मी धुतो. रक्त दिसत नाई काय मले?"

"मंग... मंग तुम्ही त्या दिवशी इथंच होते. इथंच बसले होते."

"होतो. तुम्ही नाई म्हटलं. पोरीची माय नाई म्हणून राहिली, अन् मी सासू उठून म्हणू, हाय? परक्या माणसापुढं? तुमचं नाक कापू?" तिचा आवाज चढला आणि मग तसाच फुटला. "म्हटलं, झाकून राहिली बिचारी, झाकू द्या. अन् डोळ्याले अन् पोटाले काय लागते एकमेकाचं? म्हटलं, डॉक्टर लोक, इचारतात सगळंच."

"आम्हाले वाटलं तुम्ही पोरीले परत धाडान."

"धाडाचीच असती तं पयल्या महिन्यातच नसती धाडली?"

डॉक्टरांनी चष्मा घातला. "मुलीला आत घ्या," ते म्हणाले. "आजच भरती करावी लागेल. जोराच्या गोळ्या देतो, पोटासाठी आणि डोळ्यासाठी एकच. उशीर झालाय. बघू."



जोराच्या गोळ्यांनी पोट निवलं. पुष्पलताचा चेहरा सुजून चंद्रासारखा गोल झाला, कॉलनीतल्या बाया म्हणाल्या, तब्येत भरली हो सुनेची. कोणी तिला परत धाडलं नाही. रवींद्र तिला हात धरून अंगणात आणायचा, बायजाबाई तिची वेणी घालायची. कांताबाई जायची तेव्हा ओट्यावर बसायची, चहा प्यायची, निघायची. पुष्पलता "आली?" म्हणायची आणि "चालली?" म्हणायची. मधलं काही नाही. भांडली असती तर कांताबाईला बरं वाटलं असतं.

डावा डोळा कधी थोडा उघडायचा, कधी मिटत जायचा. गोळ्या कमी केल्या की सूज परतायची, वाढवल्या की भिंगावर पांढरं साचायचं. डॉक्टरांनी हेही आधीच सांगून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात पुन्हा रामदासपेठ. कांताबाई इंदोऱ्याहून परस्पर आली आणि त्यांच्या आधी येऊन जिन्याशी उभी राहिली. पुष्पलता बायजाबाईच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढली. दारात नर्सने विचारलं, सोबत कोण कोण येणार?

"आत्याबाई येतात," पुष्पलता सासूच्या खांद्यावरचा हात न काढता म्हणाली. "मायले आत येऊ देऊ नका."

नर्सने कांताबाईकडे पाहिलं. कांताबाईने मान हलवली आणि बाकावर बसली. शेजारी एक म्हातारा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसला होता. त्याने तिला विचारलं, कोणता डोळा? ती म्हणाली, "माहा नाई."

आत दाराला पडदा होता आणि पंख्याने तो हलत होता. पुष्पलताचा आवाज येत होता, खणखणीत, पूर्वी कधी नव्हता एवढा मोठा. किती वेळा जावं लागतं, रक्त किती, आव किती, सांधा कोणता, सगळं सांगत होती, न लाजता, सासूसमोर, डॉक्टरसमोर, बाकावरच्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल असं.

मग डॉक्टर म्हणाले, "आता इकडे पाहा. किती बोटं?"

पडदा हलला. फटीतून कांताबाईला डॉक्टरांचा हात दिसला. तीन बोटं होती. स्वच्छ, उजेडात धरलेली तीन बोटं. तिचं तोंड उघडलं. तिने पदर गोळा करून तोंडात कोंबला.

आत पुष्पलताने स्वतःच उत्तर दिलं.

ते चूक होतं.