न वाजलेली शिट्टी

हिर्डोशीच्या शेफालीला परदेशातल्या पहिल्याच डोंगरावर कळलं की इथं वळणावळणावर शिट्टी वाजते.

स्लोव्हेनियातला मे महिना होता. डोंगरमाथ्यावरून दगड, मुळं आणि चिखलातून सायकल खाली गावापर्यंत उतरवायची, ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो जिंकला, असा हा डाउनहिलचा खेळ. स्वार एकेक करून सुटतात. वरून सायकल येताना दिसली की कडेला उभे असलेले मार्शल शिट्टी फुंकतात. कुणी बघ्या, कुणी फोटोवाला वाटेत असेल तर त्यानं सरकावं म्हणून. प्रशिक्षक कुमार सरांनी हे आदल्या दिवशी सांगितलं तेव्हा शेफालीनं नुसती मान हलवली. पण सरावाच्या पहिल्या फेरीत, गर्द झाडीत पहिली शिट्टी कानावर पडली आणि तिची बोटं आपोआप ब्रेकवर आवळली गेली. पुढच्या वळणावर फुरकान बसला होता. उकिडवा, पाठमोरा, अंगात तोच निळा शर्ट, दोन्ही हातांनी दगड हलवत.

सायकल आडवी झाली. शेफाली उठून बघते तो वळणावर कुणीच नव्हतं. मार्शल बाई हातवारे करून विचारत होती, लागलं का म्हणून.

फुरकान म्हणजे भोरच्या इब्राहीम चाचांचा मुलगा, शेफालीपेक्षा चार वर्षांनी मोठा. एसटी स्टँडजवळ चाचांचं सायकलीचं दुकान. हिर्डोशीला गाड्या मोजक्याच, म्हणून शाळेत असल्यापासून शेफाली सायकलनंच ये-जा करायची. वरंधा घाटाच्या बाजूनं उतारावरून येताना तिला फुरकाननं एकदा पाहिलं आणि तेव्हापासून तिच्या मागंच लागला. ही पोर रस्त्यावर वाया चाललीय, असं तो म्हणायचा. त्यानं तिला सायकल जुळवून दिली, उतारावर अंग कुठं टाकायचं ते शिकवलं. रविवारी दोघं गावावरच्या सड्यावर, डोंगरावरच्या कातळपठारावर, चढायची. तिथून गुरांची पायवाट खाली येते. फुरकान आधी उतरायचा, गुरांनी पाडलेले दगडधोंडे बाजूला करायचा आणि वाट मोकळी झाली की खालून शिट्टी फुंकायचा. शिट्टी ऐकल्याशिवाय पेडलवर पाय ठेवायचा नाही, हा त्याचा नियम होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका रविवारी, शिट्टी आलीच नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. डोक्यावर ऊन तापत होतं. हा नेहमी मला ताटकळत ठेवतो, असं म्हणत शेफाली निघाली. घळीवरच्या वळणावर फुरकान रुतलेला दगड उपसत बसला होता. टायरचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला घळ, मध्ये दोन हातांची वाट. तो जागेवर राहिला असता तर दोघंही गेली असती. त्यानं घळीच्या बाजूला अंग टाकलं.

माणसं जमवून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणेतो तो गेलेला होता.

पोलिसांनी विचारलं, गावानं विचारलं. शेफाली एकच वाक्य बोलली, "शिट्टी वाजली, म्हणून मी निघाले." कुणालाही शंका आली नाही. वाट मोकळी व्हायच्या आत पोरानं शिट्टी फुंकली, घाई नडली, असं सगळे म्हणू लागले. आठ-दहा दिवसांनी इब्राहीम चाचा हिर्डोशीला आले. ओसरीवर बसून त्यांनी शेफालीच्या आईची, मंगलची, हात जोडून माफी मागितली. आमच्या पोराच्या चुकीनं तुमची पोर गेली असती, म्हणाले. शेफाली आतल्या खोलीत भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

त्या वर्षअखेरीस ती देशातल्या मोठ्या स्पर्धेत पहिली आली आणि पुण्याच्या एका क्लबानं तिला युरोपातल्या चार शर्यतींसाठी पाठवायचं ठरवलं.

स्लोव्हेनियात ती शेवटून दुसरी आली. ऑस्ट्रियात पडून मनगट मुरगळलं. इटलीत तर अर्ध्या वाटेतच थांबली. वळणावर फुरकान बसलेला, शिट्टीवर शिट्टी वाजतेय आणि ही सायकल धरून उभी. मागून येणाऱ्या मुलीला वाट द्यायला मार्शलनं हिला ओढून कडेला घेतलं. सायकल हातात धरून ती पायी खाली आली. कुमार सरांना म्हणाली, ब्रेक चिकटत होते.

 सर म्हणाले, "शेफाली, ब्रेक मी स्वतः तपासलेत."



चौथी शर्यत ऑगस्टमध्ये, फ्रान्सात. आदल्या दिवशी पाऊस झाल्यानं ट्रॅकचा नुसता राडा झाला होता. तिसऱ्या वळणाआधी शिट्टी वाजली, आणि फुरकान तिथं होताच. या वेळी शेफालीनं ब्रेक दाबला नाही. अगदी जवळ आल्यावर त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच. पुढच्या क्षणी ती त्याच्यातून पार गेली. नंतरच्या वळणावर पुन्हा तो. त्याच्या पुढच्यावरही. ती कुठंच थांबली नाही.

खाली पोचली तेव्हा फलकावर तिचं नाव अकराव्या जागी होतं. इतक्या वर आपल्याकडची मुलगी कधी येईल, असं कुमार सरांनाही वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. शेफालीची बोटं मात्र हँडलवरून सुटेनात. सरांनी ती एकेक करून सोडवली. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तिच्या मनात एवढंच होतं की आज आपण त्याला पुन्हा मारलं, आणि आज आपल्याला तो समोर दिसत होता.

परत आली तेव्हा नसरापूर फाट्यावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोरला सत्कार ठरला होता. ती घरी न जाता, बॅग घेऊन, थेट दुकानात गेली. भर दुपारची वेळ. चाचा चाकाच्या तारा ताणत बसले होते. तिला बघून उठले, हात पुसले, आत बिलकीस चाचींना, फुरकानच्या आईला, हाक मारली. चाचींनी पाण्याचा ग्लास आणून तिच्या हातात दिला.

"चाचा, शिट्टी वाजलीच न्हवती."

"कवा?"

"त्या दिवशी. म्या वाट बगितली न्हाई. फुरकानभाईनं शिट्टी फुकलीच न्हवती. म्या खोटं बोलले."

चाचा पुन्हा स्टुलावर बसले. बाहेर एसटी मागं घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता.

"दीड वर्स झालं, म्या त्याला बोल लावतोय," ते हळूच म्हणाले. "कबरीवर बी रागानंच जायचो. आन् तुमच्या वसरीवर म्या हात जोडले, तवा तू कुठं हुतीस?"

"आतच हुते."

बिलकीस चाची पुढं आल्या. आता त्या मारतील असं शेफालीला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. चाचींनी तिच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि त्या आत निघून गेल्या.

"उद्या समदे येनार हायेत," चाचा म्हणाले. "तितं सांग."

तिनं सांगितलं. सभागृहात माणसं मावत नव्हती. माईकसमोर तिनं सड्यावरच्या पंधरा मिनिटांपासून ओसरीवरच्या माफीपर्यंत काही गाळलं नाही. हातात शाल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती कुठं ठेवावी कळेना. मंगल पहिल्या रांगेतून उठून बाहेर गेली. त्यानंतर आठ दिवस ती लेकीला ताट वाढायची, पण एक शब्द बोलायची नाही. कुमार सरांना घेऊन शेफाली पोलीस ठाण्यात गेली. वाटेत तिनं त्यांना वळणांवर फुरकान दिसतो तेही सांगितलं. ठाण्यात नव्यानं जबाब लिहून घेतला. पुढं काय होईल ते कुणी सांगितलं नाही. क्लबानं पुढच्या वर्षी तिला पाठवायचं तूर्त थांबवलं. एकदा सरांनी विचारलं, फुरकान अजून दिसतो का. ती 'हो' म्हणाली.

शुक्रवारी इब्राहीम चाचांचा निरोप आला, नमाजानंतर कब्रस्तानापाशी ये. ती फाटकाबाहेर उभी राहिली. चाचा एकटेच आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. गुडघ्यांना माती लागली होती, ती त्यांनी झटकली नाही.

"तुला माफ केलं का, ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "त्याची माफी मागून आलो."

मग स्कूटर सुरू करून ते दुकानाकडे गेले. हिर्डोशीच्या गाडीला अजून दीड तास होता. शेफाली स्टँडवर जाऊन बसली. समोर दुकान दिसत होतं. बिलकीस चाचींनी पडदा बाजूला करून एकदा बाहेर बघितलं. शेफाली उठून उभी राहिली. चाचींनी पडदा सोडला.