हत्तिणीचा डावा कान

त्या घरात मोटरसायकलला हत्तीण म्हणत. हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं, कारण ती दारात उभी राहिली की अंगणात दुसरं काही मावायचं नाही. सासरे वजनकाटे दुरुस्त करणारे. अठ्ठावीस वर्षं गावोगावच्या दुकानांत आणि गोदामांत जाऊन त्यांनी काटे उघडले, पुसले आणि शून्यावर आणले. त्या फिरतीसाठीच त्यांनी लांब पल्ल्याची ही अवाढव्य गाडी घेतली होती. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ आणि पुढे वारा अडवायला रुंद प्लास्टिकचं फेअरिंग. त्या फेअरिंगच्या डाव्या-उजव्या अंगाला तळहाताएवढी एकेक झडप होती. उघडली की वारा छातीवर यायचा, मिटली की चालवणारा उबेत राहायचा. हेच हत्तिणीचे कान.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. मुलगा दोन चाकांच्या वाटेला जाणारा नव्हता. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. तेव्हा सून म्हणाली, "बाबा, मला शिकवा."

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर दाढेएवढ्या वस्तूंशी खेळणारी ही मुलगी अडीचशे-तीनशे किलोचं धूड कसं सांभाळणार, असं सगळ्यांनाच वाटलं. सासऱ्यांना वाटलं नाही. गावातल्या एका गोदामामागच्या मोकळ्या आवारात घडीची खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी ठेवून ते तिला चार महिने शिकवत होते. "क्लच सोडतेस की कबूतर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाचव्या महिन्यात ती तयार कवळ्यांची खोकी पेटीत भरून गावाबाहेरच्या दवाखान्यांना पोचवू लागली.

तक्रार एकच होती. साठच्या वेगाला डावा कान वाजायला लागायचा, आणि सत्तरला आपोआप मिटायचा. उजवाही सैल होता, पण डाव्याइतका नाही.

"बाबा, हा कान एकदा उघडून बघू या का?"

"म्हातारीचे सांधे आहेत. वाजायचेच," असं म्हणून सासरे वर्तमानपत्रात डोकं घालायचे. ज्या माणसाला काट्यातला केसाएवढा फरक सहन व्हायचा नाही, तो झडपेच्या खडखडाटावर एवढा उदार कसा, हे तिला कळायचं नाही.

एका गुरुवारी, दुपार कलताना, ती मोठ्या रस्त्याने परत येत होती. शेजारून एक लांबलचक ट्रक गेला, वाऱ्याचा तडाखा बसला आणि खडखड एकदम थांबली. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिने खाली पाहिलं. कानाच्या जागी नुसतं भोक होतं.

तिने गाडी कडेला लावली आणि चालत मागे गेली. रस्त्याच्या कडेची खडी, वाळकं गवत, फुटके टायर बघत पाऊण तास हिंडली. झडप सापडली तेव्हा तिच्यावरून कुणाचं तरी चाक गेलं होतं आणि मधोमध तडकून तिचे दोन तुकडे झाले होते. तरी ते विखुरले नव्हते, कारण दोन्ही तुकडे एका बारीक पोलादी काडीवर ओवलेले होते. झडपेच्या टोकांना मुळात प्लास्टिकच्या खुंट्या असणार. त्या कधीतरी मोडल्या होत्या आणि कुणीतरी आरपार भोक पाडून ही काडी बिजागरीसारखी घातली होती. काडीचं एक टोक कापलेलं होतं. दुसऱ्या टोकाला करड्या रंगाचं गोल बोंड होतं आणि त्यावर आकडा होता, दहा.

ती तिथेच कडेच्या दगडावर बसली. ती काडी नव्हती, विणकामाची सुई होती. कोणती, तेही तिला माहीत होतं.

लग्न होऊन ती घरात आली त्या पहिल्याच महिन्यात तिला ही गोष्ट ऐकायला मिळाली होती. सासूबाईंना त्यांच्या आईने दिलेली सुयांची जोडी होती, दहा नंबरची. अकरा वर्षांपूर्वी त्यांची धाकटी जाऊ चार दिवस राहायला आली, नमुना उतरवून घ्यायला म्हणून सुया हाताळल्या, आणि ती गेल्यावर जोडीतली एक सुई नाहीशी झाली. सासूबाईंनी फोनवर विचारलं. जरा तिखटच विचारलं. जाऊ म्हणाली, मी घेतली नाही. मग तिने सुयांचा नवा कोरा संच पाठवला. सासूबाईंनी तो, "चोराच्या मनात चांदणं," असं म्हणून न उघडता परत पाठवला. तेव्हापासून दोघी बोलायच्या, पण लग्नाकार्यात, चारचौघांसमोर, हवापाण्याचं.

घरी आल्यावर सुनेने गाडी डाव्या अंगाने भिंतीला चिकटवून लावली आणि पाय न वाजवता आत आली. सासरे खिडकीशी बसले होते.

"आज वाजली नाही," ते म्हणाले.

"काय?"

"हत्तीण. वळणावरच्या खड्ड्यांतून येते तेव्हा डावा कान वाजतो. आज वाजला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय झालं?"

तिने पिशवीतून तुकडे काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. सासऱ्यांनी आधी सुईकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. एवढ्या वर्षांत तिने त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"हिला सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून नाही."

मग ते बोलले. सकाळी फिरतीवर निघायचं होतं आणि आदल्या दिवशी खुंटी मोडली. दुकानं बंद. त्या जाडीचं सरळ, गंजणार नाही असं काहीतरी हवं होतं, आणि टोपलीतून ही डोकावत होती. आल्यावर दुसरी आणून देऊ असा विचार केला. पण आठ दिवसांनी आले तोवर घरात युद्ध पेटलं होतं. "म्हटलं, निवळेल. निवळलं नाही. मग म्हटलं, आता सांगितलं तर दोघी मिळून मला सोलतील. एकेक वर्ष जात गेलं आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो." त्यांनी तुकडे स्वतःकडे ओढले. "नवा संच परत पाठवला ना तिने, त्याचं पार्सल मीच टपालात टाकून आलो होतो."

सुनेला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. "म्हणून तो कान कधी उघडू दिला नाहीत."

"म्हणूनच."

"असं करू या बाबा. कान मी जोडते. आईंना तुम्ही सांगायचं."

सासऱ्यांनी गुडघा चोळला. "जोडता येईल?"

"लोकांच्या तुटलेल्या कवळ्या जोडतेच की. त्या तर चावतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने प्रयोगशाळेत काम सुरू केलं. सुई बाजूला काढली, तडा घासून स्वच्छ केला, दोन्ही तुकडे नीट जुळवले आणि ते हलू नयेत म्हणून खालून प्लास्टरचा साचा ओतला. मग कवळीची पूड आणि तिचं पाणी कालवून ते मिश्रण फटीत भरलं. उजेडात धरून चार बाजूंनी पाहिलं. जोड दगडासारखा पक्का बसला होता. अडचण एवढीच, की तिच्याकडे पूड होती ती हिरडीच्या रंगाची. काळ्याभोर झडपेवर मधोमध गुलाबी रेघ उमटली. तिने ती घासली, चमकवली, पण गुलाबी ते गुलाबीच राहिलं.

रविवारी सकाळी दोघं अंगणात बसले. सासरे स्टुलावर, दुखरा पाय पुढे लांब करून. फेअरिंगचे अकरा स्क्रू निघाले; ते त्यांनी अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने एकेका खळग्यात ठेवायला लावले. झडप हातात घेऊन गुलाबी रेघेवरून बोट फिरवलं.

"हत्तिणीला हिरड्या फुटल्या," ते म्हणाले. मग सुनेकडे न बघता पुढे म्हणाले, "काम सुरेख आहे."

पण झडप सांधून भागणार नव्हतं. खरं दुखणं फेअरिंगच्या भोकांत होतं. वर्षानुवर्षं हादरून ती गोलाची लांबट झाली होती, आणि त्यात कितीही चांगली काडी घातली तरी ती डुगडुगणारच. सासऱ्यांनी भोकं किंचित मोठी पण पुन्हा गोल करून घेतली. त्यांत नायलॉनच्या छोट्या नळ्या ठोकून बसवल्या. जुन्या काट्यातून काढून ठेवलेल्या, लाटेसारख्या वाकलेल्या पातळ वायसर, म्हणजे भोकाच्या धातूच्या चकत्या, त्यांच्या डबीत होत्या. त्यातली एक झडप आणि नळीच्या मध्ये बसवली, म्हणजे झडप जिथे ठेवू तिथे थोडी अडून राहील. मिटताना कड जिथे आपटते तिथे नमद्याची मऊ लोकरी पट्टी चिकटवली. हे सगळं सुनेच्या हातांनी झालं, त्यांनी फक्त बोट दाखवलं. "दाबू नकोस. काटा असो की झडप, बळजबरी केलीस की खोटं बोलते."

"खोटं बोलायला बळजबरी लागतेच असं नाही, बाबा," ती म्हणाली.

आता बिजागरीची काडी घालायची वेळ आली. दुसरी काडी आणलेली नव्हती. सुनेने मुद्दामच आणली नव्हती. ट्रेच्या शेवटच्या खळग्यात ती सुई बोंड वर करून उभी होती, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी कप खाली ठेवले, सुई उचलली आणि बोंडावरचा आकडा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचला.

"अगं," सासरे म्हणाले, "ती मी घेतली होती. तिने नाही."

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं, पार्सलपर्यंत. एक शब्द लपवला नाही. सासूबाई रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या आणि सुई बोटांत फिरवू लागल्या.

"तिचा मुलगा आजारी होता तेव्हा मी दोन दिवस राहून परत आले," त्या म्हणाल्या. "महिनाभर राहायला हवं होतं. मी राहिले नाही. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला स्टेशनवर घ्यायला आलात."

"चुकलं माझं," ते म्हणाले. ते इतकं हळू होतं की सुनेने उगाच अकरा स्क्रू मोजायला घेतले.

सासूबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जोडीतली दुसरी सुई होती. "एकट्या सुईवर काही विणता येत नाही. घाला उजव्या कानात," असं म्हणून त्यांनी ती सुनेला दिली. "आणि शनिवारी तिच्याकडे जायचं. आधी तुम्ही बोलायचं, मग मी बोलेन. माझंही काही कमी चुकलेलं नाही."

शनिवारी सकाळी निघाले. मुलगा आणि सासूबाई मोटारीने. सासरेही मोटारीनेच जायचे होते, पण दारात येऊन ते हत्तिणीपाशी थांबले. आयुष्यात ते कधी तिच्यावर मागे बसले नव्हते. काठी पेटीला बांधली, मुलाच्या खांद्याला धरून पाय पलीकडे टाकला आणि मागच्या पाठीला टेकले.

"हात कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"आई कुठे ठेवायच्या?"

"माझ्या खांद्यावर."

"मग ठेवा की."

पहिले काही मैल ते प्रत्येक गिअरला तिच्या पाठीमागे पुटपुटत होते. साठ आला, सत्तर आला. दोन्ही कान जिथे उघडे ठेवले होते तिथेच उघडे राहिले, आणि वारा एकसारखा येत राहिला. हळूहळू पुटपुटणं थांबलं. आरशात तिला दिसलं, ते शेतांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत या रस्त्यावरून कितीदा गेले असतील, पण कडेचं बघायला त्यांना वेळ कधी मिळाला होता?

जाऊबाईंनी दार उघडलं. चौघांना बघून त्या गोंधळल्या. सासऱ्यांनी बसायच्या आधीच, उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता जाऊबाईंचा चेहरा आधी कडक झाला, मग थकल्यासारखा दिसला.

"दादा, त्यावेळी मी माझ्या सगळ्या पेट्या उपसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की चुकून आली असेल."

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "माझं तोंड फार वाईट आहे," एवढंच म्हणाल्या.

"ते आहेच, वहिनी," धाकटी म्हणाली आणि तिने हात सोडवून घेतला नाही.

दुपारभर त्या दोघी आतल्या खोलीत होत्या. मधेच रडणं ऐकू आलं, मग कुणाची तरी नक्कल आणि हसणं. सासरे बाहेर ओसरीत शिक्षा झालेल्या मुलासारखे ताठ बसून होते.

उन्हं उतरल्यावर जाऊबाई बाहेर आल्या. त्यांनी हत्तिणीभोवती एक चक्कर मारली, सीटवर थाप मारली. "दादा, इतकी वर्षं ही गाडी बघतेय, एकदाही बसवलं नाहीत मला."

"तू म्हणाली नाहीस."

"आता म्हणते." त्या सुनेकडे वळल्या. "चल गं. मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन येऊ. हळू चालवायची नाही."

सासऱ्यांनी आपलं हेल्मेट पेटीतून काढून त्यांना दिलं आणि पट्टा स्वतः घट्ट करून दिला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "सांभाळून गं, धाकटी आहे ती." धाकटीचं वय त्या दिवशी बासष्ट होतं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिघं बघत उभी होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर सुनेने वेग वाढवला, आणि मागून जाऊबाईंनी तिच्या खांद्यावरून ओरडून विचारलं, "वारा अजून येऊ देता येतो का?"

सुनेने हात लांबवून दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या.